नक्कल केली, मग चोरीला काय गेले?

वर्गात एक प्रश्न विचारून पहा. कोणी तुमची सायकल पळवली तर तुमच्याकडे सायकल उरत नाही. पण कोणी तुमच्या संगणकातील आज्ञावलीची, म्हणजे प्रोग्रॅमची, नक्कल करून घेतली तर मूळ आज्ञावली जागच्या जागीच राहते. मग याला चोरी म्हणायचे का?

हा प्रश्न आपल्याकडे खरोखरच उभा राहिला होता. घाटकोपरहून ठाण्याकडे निघाले की पुढचे स्टेशन विक्रोळी. तेथील जिऑमेट्रिक सॉफ्टवेअर ही कंपनी अमेरिकेतील सॉलिडवर्क्सच्या आज्ञावलीतील दोष काढण्याचे काम करीत असे. यंत्रांचे त्रिमितीय आराखडे संगणकावर तयार करण्यासाठी ही आज्ञावली वापरतात. ऑगस्ट २००२ मध्ये जिऑमेट्रिकच्या एका माजी कर्मचाऱ्याला दिल्लीत अटक झाली. या आज्ञावलीचा सोर्स कोड तो प्रतिस्पर्धी कंपन्यांना विकू पाहत होता, असा आरोप होता. ग्राहक म्हणून भेटलेली व्यक्ती अमेरिकन तपास यंत्रणेची होती.

सोर्स कोड म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर. बाजारात मिळते ती बहुधा त्याची यंत्रभाषेतील आवृत्ती. तयार लाडू आणि तो करण्याची कृती यांत जो फरक, तोच येथे. कृती हाती लागली की कोणालाही तसा लाडू वळता येतो.

अडचण कायद्याची होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरी म्हणजे जंगम मालमत्तेची चोरी, आणि जंगम मालमत्तेच्या व्याख्येत ‘मूर्त’ वस्तूंचाच उल्लेख होता. शिवाय कोड अमेरिकन कंपनीच्या मालकीचा होता, मुंबईच्या नव्हे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६५ वे कलमही कायद्याने जपून ठेवणे बंधनकारक असलेल्या सोर्स कोडपुरतेच होते.

पुढे ही उणीव भरून काढली गेली. २००८ ची दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. तिच्यानुसार नुकसान करण्याच्या हेतूने सोर्स कोड चोरणाऱ्याला, अप्रामाणिकपणा सिद्ध झाल्यास, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जंगम मालमत्तेच्या व्याख्येतून ‘मूर्त’ हा शब्दच गळला आहे.

आता आपल्या शाळेकडे वळू. कॉपीराइट कायद्यात आज्ञावली ही ‘साहित्यकृती’ मानली जाते. विकत घेतलेल्या आज्ञावलीची सुरक्षेसाठी राखीव प्रत करून ठेवायला हा कायदा परवानगी देतो. मात्र नक्कल बेकायदा आहे हे ठाऊक असूनही ती संगणकावर वापरणे, हा ६३-ब कलमाखाली गुन्हा आहे. पैसे नसतील तर लिनक्ससारख्या मुक्त आज्ञावली आहेत. त्यांच्या कर्त्यांनीच नक्कल करण्याची मुभा दिलेली असते.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे : वस्तू जात नाही, जातो तो नक्कल कोणी करावी हे ठरवण्याचा कर्त्याचा हक्क. शाळेच्या संगणकातील प्रत्येक आज्ञावलीचा परवाना शोधून त्यांची यादी करणे, हा विद्यार्थ्यांसाठी चांगला प्रकल्प होईल.