४६ वाले पहिले, ३४ वाल्यांना कप!

एक कोडं घालू? फुटबॉलच्या एकाच स्पर्धेत एका संघाला मिळाले ४६ गुण. दुसऱ्याला ३४. मग कप कोणी नेला असेल?

३४ वाल्यांनी!

थांब, थांब, चिडू नकोस! कोणी लबाडी केलेली नाही. हे खरोखर घडलं, इंडियन सुपर लीगच्या २०२२-२३ च्या मोसमात. आणि ते ४६ गुणवाले कोण, माहितेय? आपली मुंबई सिटी एफसी! आपल्या अंधेरीच्या मैदानात खेळणारी!

ते मैदान पाहिलंयस का तू? अंधेरी पश्चिमेला शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आहे ना, तिथेच. घाटकोपरहून मेट्रोत बसायचं आणि अंधेरीच्या पुढच्याच आझाद नगर स्टेशनवर उतरायचं. मुलुंडकर लोकलने घाटकोपरला येऊन मेट्रो पकडतात, बोरिवलीकर अंधेरीला. मैदान तसं छोटंसं. सात-आठ हजार माणसांत भरून जातं. पण म्हणूनच तर मजा! खेळाडू कसे अगदी जवळून दिसतात!

आता आपलं कोडं सोडवू. त्यासाठी आधी लीग म्हणजे काय ते कळायला हवं.

समज, आपण चार टीम केल्या. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर. प्रत्येक टीमने बाकीच्या तिन्ही टीमशी खेळायचं. पण एकदाच नाही हं, दोनदा! एकदा आपल्या मैदानात, एकदा त्यांच्या. का? अरे, आपल्या मैदानात ओरडायला आपली ताई, आजी आणि बिल्डिंगमधले सगळे काका हजर असतात. खड्डा कुठे, उतार कुठे, आपल्याला सगळं पाठ! मग समोरच्या टीमलाही तेवढाच फायदा एकदा मिळायला नको का?

सांग बघू, चार टीमचे मिळून सामने किती होतील? मोज बोटांवर… बारा!

२०२२-२३ मध्ये संघ होते ११. मग सामने किती? तीसेक? चाळीस? छे! तब्बल ११०! बघ ना, टीम वाढल्या फक्त सात, पण सामने वाढले ९८!

प्रत्येक संघाच्या वाट्याला आले २० सामने. आज अंधेरी, मग कोची, मग गुवाहाटी, मग जमशेदपूर. नुसता प्रवासच केवढा!

जिंकलं की ३ गुण. बरोबरी झाली की दोघांना एकेक. हरलं की भोपळा! गंमत म्हणजे, पूर्वी जिंकल्यावर दोनच गुण मिळायचे. मग काही संघ विचार करायचे, बरोबरी झाली तरी काय बिघडलं, उगाच धोका कशाला घ्या! म्हणून १९८१ मध्ये इंग्लंडच्या लीगने विजयाचे गुण ३ केले. पुढे जगभर तेच रुळलं.

चल, आता मुंबईच्या मोसमाकडे! पहिला सामना झाला ९ ऑक्टोबर २०२२ ला, पुण्याच्या बालेवाडीत, हैदराबादशी. ३-३ अशी बरोबरी. पहिल्या पाच सामन्यांत दोन विजय आणि तीन बरोबऱ्या. ठीकठाकच म्हणायचं.

आणि मग आला १२ नोव्हेंबर. सामना चेन्नईत. मुंबई ०-२ ने मागे! घरी टीव्ही बंद करावासा वाटेल अशी वेळ. पण ओळख बघू, शेवटी काय झालं? मुंबई जिंकली ६-२ ने! ओळीने सहा गोल!

तिथून पुढे तर कमालच झाली. एक, दोन, तीन… सलग ११ विजय! ८ जानेवारी २०२३ ला केरळा ब्लास्टर्स अंधेरीला आले. चौथ्या मिनिटाला पहिला गोल. बाविसावं मिनिट उलटलं, तोवर चार गोल! रांगेत उभं राहून वडापाव आणायला गेलेल्या माणसाची काय हालत झाली असेल!

कोण होते हे गोल मारणारे? मिझोरमचा लालियानझुआला छांगटे, मणिपूरचा बिपिन सिंग, अर्जेंटिनाचा पेरेरा डियाझ, स्कॉटलंडचा ग्रेग स्ट्युअर्ट! आणि बचावफळीत होता मुंबईतच जन्मलेला राहुल भेके. त्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. २०१९ चा इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना याच अंधेरीच्या मैदानात झाला. तेव्हा भेके बेंगळुरूकडून खेळायचा. ९० मिनिटांत गोलच नाही! जादा वेळही संपत आली. आणि अगदी शेवटी-शेवटी डोक्याने गोल करून भेकेने बेंगळुरूला कप जिंकून दिला. मुंबईच्या पोराने, मुंबईतच!

बरं, २०२२-२३ कडे परत येऊ. वीस सामन्यांत मुंबईने गोल किती केले? ५४! एक सामना ९० मिनिटांचा, म्हणजे २० सामन्यांची झाली १,८०० मिनिटं. कर भागाकार! साधारण दर ३३ मिनिटांना एक गोल. शाळेतला गणिताचा एक तास संपेपर्यंत एक गोल ठरलेला!

सलग १८ सामने मुंबई हरलीच नाही. ११ फेब्रुवारी २०२३ ला मडगावच्या फातोर्डा मैदानात गोव्याला ५-३ ने हरवलं आणि पहिला नंबर पक्का केला. अजून दोन सामने बाकी होते, तरी पक्का! गंमत बघ, ते दोन्ही सामने मुंबई हरली. शेवटचा तर घरच्याच मैदानात, ईस्ट बंगालशी. पण आधीचे गुण कुठे पळून जातात थोडेच! १४ विजयांचे ४२ आणि ४ बरोबऱ्यांचे ४. झाले की ४६!

तेव्हा पहिल्या आलेल्या संघाला मिळायची लीग शील्ड. ती मुंबईने घेतली. पण कप वेगळा! कपासाठी पहिले सहा संघ पुन्हा भिडायचे आणि तिथे एक फेरी हरली की घरी.

उपांत्य फेरीत मुंबईसमोर होतं बेंगळुरू, तेही दोन सामन्यांत. अंधेरीत ०-१ अशी हार. बेंगळुरूला जाऊन २-१ असा विजय. दोन्ही सामन्यांच्या गोलांची बेरीज २-२! मग पेनल्टीचे फटके. गोल, गोल, गोल… संपेचना! १८ फटक्यांत १७ गोल. फक्त एकच फटका अडवला गेला आणि तो नेमका मुंबईचा. ९-८! अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानने बेंगळुरूला हरवून कप नेला. लीगमध्ये त्यांचे गुण होते ३४. सुटलं की नाही कोडं?

(२०२०-२१ मध्ये मात्र मुंबईने शील्ड आणि कप दोन्ही जिंकले होते बरं का!)

मला विचारशील तर शील्ड मोठी. कपाच्या सामन्यात एका संध्याकाळी काहीही होऊ शकतं. पण चार महिने गावोगाव फिरून, सगळ्यांशी दोन-दोनदा खेळून पहिलं यायचं म्हणजे काय साधी गोष्ट आहे?

तेव्हा येत्या सुट्टीत बिल्डिंग-बिल्डिंगची लीग भरवलीस, तर सामने दोन-दोनदाच ठेव. गुणांचा तक्ता सोसायटीच्या नोटीस बोर्डवर लाव. आणि पहिल्या आलेल्या टीमला शील्ड द्यायला विसरू नकोस!