संलग्न फुटबॉल संघ

संलग्न फुटबॉल संघ : अव्वल श्रेणीतील व्यावसायिक फुटबॉल संघाशी करार, उसनवारी अथवा मालकी यांपैकी एखाद्या नात्याने जोडलेला खालच्या श्रेणीतील संघ. या नात्यात वरच्या संघास मुख्य संघ व खालच्या संघास संलग्न संघ म्हणता येईल. मुख्य संघाकडे होतकरू खेळाडूंचा भरणा असतो. परंतु त्या सर्वांना सामन्यात उतरविणे त्यास शक्य नसते. संलग्न संघाजवळ मैदान, प्रेक्षक व सामन्यांचा कार्यक्रम असतो. परंतु चांगले खेळाडू विकत घेण्याइतका पैसा नसतो. या दोन गरजांचा मेळ घालणे हा संलग्नतेचा मूळ हेतू होय. अठरा ते एकवीस या वयात केवळ सराव पुरेसा नसून चुरशीचे सामने खेळावयास मिळणे अत्यावश्यक असते, हे या पद्धतीमागील प्रशिक्षणशास्त्रीय सूत्र आहे.

प्रकार : संलग्नतेचे स्थूलमानाने चार प्रकार आढळतात. (१) उसनवारीचा करार : मुख्य संघ आपला खेळाडू ठराविक मुदतीसाठी दुसऱ्या संघास देतो, खेळाडूचा मूळ करार कायम राहतो व त्याच्या वेतनाचा काही भाग बहुधा मुख्य संघ सोसतो. (२) राखीव संघ : मुख्य संघ आपलाच दुसरा संघ उभारून त्यास खालच्या श्रेणीत खेळवितो. (३) समाईक मालकी : एकच उद्योगसमूह निरनिराळ्या देशांतील अनेक संघ विकत घेतो व प्रशिक्षण, खेळाडूंचा शोध आणि जाहिरात यांची व्यवस्था एकत्र ठेवतो. (४) मिश्र पद्धती : संघाच्या खेळाची बाजू मुख्य संघ पाहतो, तर तिकीटविक्री, मैदान व स्थानिक व्यवहार गावातील मालकाकडे राहतात. अमेरिकेतील ह्यूस्टन डायनॅमो व रिओ ग्रांदे व्हॅली या संघांमध्ये २०१६ मध्ये अशी मिश्र व्यवस्था सुरू झाली.

विकास : या कल्पनेचे आद्य रूप फुटबॉलमध्ये नसून बेसबॉलमध्ये आढळते. १९२० च्या दशकात सेंट लुइस कार्डिनल्स या संघाचा व्यवस्थापक ब्रँच रिकी याने लहान शहरांतील संघ विकत घेऊन अथवा त्यांच्याशी करार करून खेळाडू तयार करणारी साखळी उभारली. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलने पुढे हीच वाट धरली. २०१३ मध्ये तेथील अव्वल मेजर लीग सॉकर व खालची युनायटेड सॉकर लीग यांच्यात करार झाला. त्यानुसार संलग्न संघाकडे किमान चार खेळाडू हंगामासाठी उसने पाठवावयाचे होते. पहिल्या वर्षी कॅन्झस सिटी–ओरलँडो, फिलाडेल्फिया–हॅरिसबर्ग, न्यू इंग्लंड–रॉचेस्टर व वॉशिंग्टन–रिचमंड अशा जोड्या ठरल्या. तथापि ही व्यवस्था फार काळ टिकली नाही. ओरलँडो हा संलग्न संघ २०१५ मध्ये स्वतःच अव्वल श्रेणीत दाखल झाला. दुसरीकडे लॉस अँजेल्स गॅलक्सीने २०१४ मध्ये आपला दुसरा संघ काढला व इतरांनी त्याचे अनुकरण केले. २०२२ मध्ये अव्वल लीगने राखीव संघांसाठी स्वतंत्र स्पर्धाच सुरू केली. पर्यायाने, मुख्य संघांना स्वतःचे राखीव संघ परवडू लागताच लहान शहरांतील भागीदारांची गरज त्यांना उरली नाही.

यूरोपात परिस्थिती वेगळी आहे. अमेरिकेत श्रेण्यांमध्ये गुणवत्तेनुसार बढती वा घसरण होत नाही. यूरोपात ती दरवर्षी होते. त्यामुळे आज खालच्या श्रेणीत असलेला संलग्न संघ उद्या मुख्य संघासमोर उभा ठाकण्याची शक्यता असते. स्पेनमध्ये १९८० साली राजचषकाच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिद व त्याचाच राखीव संघ कास्तिया हे परस्परांविरुद्ध खेळले. रेआल माद्रिदने तो सामना ६–१ असा जिंकला. पुढे स्पेनमधील राखीव संघांना राजचषकात प्रवेश बंद करण्यात आला. मुख्य संघाच्या श्रेणीत त्यांना बढती न देण्याचा नियमही तेथे आहे. समाईक मालकीच्या बाबतीत असाच पेच १९९७-९८ मध्ये उद्भवला. एनिक या एकाच कंपनीचे हितसंबंध असलेले अथेन्स, प्राग व व्हिचेंत्सा येथील तीन संघ यूरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेत उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचले. त्यानंतर एकाच मालकाच्या नियंत्रणाखालील दोन संघांना एका स्पर्धेत खेळण्यास यूरोपीय संघटनेने मनाई केली आणि क्रीडाविषयक आंतरराष्ट्रीय लवादाने १९९९ मध्ये तो नियम उचलून धरला.

इंग्लंडमध्ये संलग्नतेस लोकमताचा विरोध दिसून येतो. मँचेस्टर युनायटेडने १९९८ मध्ये बेल्जियममधील अँटवर्प या संघाशी करार केला. इंग्लंडमध्ये काम करण्याचा परवाना न मिळालेला चीनचा खेळाडू दोंग फांगच्वो २००४ मध्ये तेथेच पाठविण्यात आला होता. परदेशातील अशा भागीदारीस विशेष आक्षेप घेतला गेला नाही. मात्र २०१४ मध्ये ग्रेग डाइक यांच्या आयोगाने अव्वल संघांचे राखीव संघ देशातील खालच्या श्रेण्यांत आणण्याची सूचना करताच लहान गावांतील संघांनी व त्यांच्या चाहत्यांनी तिला कडाडून विरोध केला व ती बारगळली. आपला संघ दुसऱ्याचे शिकवणीघर होऊ नये, ही भावना त्यामागे होती.

नियमन : अमर्याद उसनवारीमुळे श्रीमंत संघ खेळाडूंचा साठा करून ठेवतात, या तक्रारीवरून जागतिक फुटबॉल महासंघाने (फिफा) १ जुलै २०२२ पासून आंतरराष्ट्रीय उसनवारीवर मर्यादा घातल्या. उसनवारीची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असून एका संघाकडून त्याच दुसऱ्या संघास एका वेळी तीनपेक्षा अधिक खेळाडू देता येत नाहीत. एकूण उसन्या खेळाडूंची संख्या टप्प्याटप्प्याने घटवून २०२४ पासून सहावर आणली गेली. एकवीस वर्षांपर्यंतचे व त्याच संघात घडलेले खेळाडू या गणतीतून वगळले जातात.

लहान संघांच्या दृष्टीने २००१ मध्ये आलेला सहयोगनिधीचा नियम अधिक महत्त्वाचा होय. करार संपण्यापूर्वी खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातील संघात गेल्यास हस्तांतरण-शुल्काचा ५ टक्के भाग तो बारा ते तेवीस या वयात ज्या संघांत घडला त्या संघांना वाटून द्यावा लागतो. बारा ते पंधरा या वयांतील प्रत्येक हंगामासाठी शुल्काच्या ०.२५ टक्के व त्यापुढील प्रत्येक हंगामासाठी ०.५ टक्के, असे वाटपाचे प्रमाण आहे. समजा, एखाद्या खेळाडूसाठी एक कोटी रुपये शुल्क पडले, तर त्यास बारा ते पंधरा ही चार वर्षे शिकविणाऱ्या गावातील संघाचा वाटा एक लाख रुपये होतो. तथापि त्यासाठी तो संघ संघटनेकडे नोंदलेला आणि त्या वर्षांत खेळाडूची त्या संघाकडे नोंदणी झालेली असणे आवश्यक असते. नोंद नसल्यास कितीही कष्टाने शिकविले असले, तरी त्या संघाचा हक्क सिद्ध होत नाही.

भारत : भारतात राष्ट्रीय पातळीवरील साखळी स्पर्धा १९९६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग या नावाने सुरू झाली, २००७ मध्ये तिची जागा आय-लीगने घेतली. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग ही तिसरी व्यवस्था सुरू झाली. प्रारंभी तिचा हंगाम आय-लीगहून निराळ्या महिन्यांत असल्याने एकच खेळाडू उसनवारीने दोन्हींत खेळत असे. हीच भारतातील संलग्नतेची पहिली व्यापक, परंतु अल्पजीवी अवस्था होय. २०१७-१८ पासून दोन्ही स्पर्धा एकाच काळात होऊ लागल्या आणि ही देवघेव आटली. त्याच हंगामात सुपर लीगमधील संघांचे राखीव संघ आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत दाखल झाले. बढती मिळविण्याचा हक्क मात्र त्यांना नव्हता. अखिल भारतीय महासंघानेही इंडियन ॲरोज हा तरुण खेळाडूंचा संघ २०१० ते २०१३ व पुन्हा २०१७ ते २०२२ या काळात आय-लीगमध्ये चालविला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकून २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतातर्फे खेळला, ॲरोजमध्ये दाखल झाला व तेथून जमशेदपूरच्या अव्वल संघात गेला. अशा शिडीचा उपयोग त्याच्या वाटचालीतून स्पष्ट होतो.

परदेशी संघांशी भागीदारीही झाली. कोलकात्याचा संघ प्रारंभी स्पेनच्या अत्लेतिको माद्रिदशी, बंगळुरूचा २०१९ पासून स्कॉटलंडच्या रेंजर्सशी, तर एफ. सी. गोवा हा २०२० मध्ये जर्मनीच्या लाइपसिकशी जोडला गेला. सिटी फुटबॉल समूहाने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटी या संघाचा ६५ टक्के हिस्सा घेतला. त्यानंतर मुंबईने २०२०-२१ मध्ये साखळीतील अग्रस्थान व विजेतेपद ही दोन्ही मिळविली. तथापि भारतीय स्पर्धेच्या भवितव्याविषयीच्या अनिश्चिततेमुळे डिसेंबर २०२५ मध्ये हा समूह मालकीतून बाहेर पडला.

पुणे जिल्हा : संलग्नतेची आशा व तिची मर्यादा ही दोन्ही पुण्यात थोड्या काळात दिसून आली. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफ. सी. हा संघ २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरला व त्याची प्रबोधिनी नावारूपास आली. डी. एस. के. शिवाजीयन्स या संघाने इंग्लंडच्या लिव्हरपूलच्या सहकार्याने निवासी प्रबोधिनी चालविली. २०१४ मध्ये आलेल्या एफ. सी. पुणे सिटीचे इटलीच्या फ्योरेंतीनाशी साहचर्य होते, तर भारत एफ. सी. हा संघ २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. या व्यवस्थेतून खेळाडू निश्चितच घडले. मिझोरामचा लालियनझुआला छांगटे शिवाजीयन्सच्या प्रबोधिनीतून पुढे आला व २०१६ मध्ये उसनवारीने ईशान्य भारताच्या सुपर लीग संघाकडून खेळला. पुढे मुंबईकडून त्याने कीर्ती मिळविली. पुणे एफ. सी.च्या प्रबोधिनीतील केरळचा आशिक कुरुनियन २०१६ मध्ये स्पेनमधील व्हियारेआलच्या तिसऱ्या संघात उसनवारीने गेला. परंतु संघ टिकले नाहीत. पुणे एफ. सी. २०१५ नंतर आय-लीगमध्ये उतरला नाही व त्याची प्रबोधिनी पुणे सिटीने घेतली. शिवाजीयन्स २०१६-१७ नंतर आय-लीगमधून बाहेर पडला आणि २०१९ मध्ये पुणे सिटीची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. शिडीची वरची पायरीच निखळल्याने परदेशी संघांशी जोडलेले धागेही तुटले.

या घडामोडींचा अर्थ शिरूर व दौंड या तालुक्यांच्या गावांवरून विशेष उमगतो. घोड नदीकाठचे शिरूर पुण्यापासून सु. ६५ किमी. आणि भीमाकाठचे दौंड लोहमार्गाने सु. ७५ किमी. अंतरावर आहे. रोजच्या सरावासाठी शाळकरी मुलाने पुण्यास ये-जा करणे व्यवहार्य नाही. निवासी प्रबोधिनीत निवड होणे हाच त्याला मार्ग राहतो आणि तेथे त्याची स्पर्धा मिझोराम-केरळपर्यंतच्या मुलांशी असते. वास्तविक खेळ रुजण्यास अनुकूल अशा संस्था या भागात आहेत. दौंड हे मोठे रेल्वे जंक्शन असून तेथे राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत. देशात रेल्वे, सैन्य व पोलीस यांच्या संघांनीच फुटबॉल दीर्घकाळ जोपासला आणि रेल्वेच्या संघाने १९६० च्या दशकात संतोष चषक तीनदा जिंकला. शिरूर तालुक्यात रांजणगाव व दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती असल्याने आश्रयदातेही दूर नाहीत. मात्र राष्ट्रीय साखळीत खेळलेला संघ यांपैकी कोणत्याही तालुक्यात नाही. त्यामुळे पुण्यातील अव्वल संघ चालू होते तेव्हाही त्यांच्या संलग्नतेचा धागा परदेशाकडे गेला. जिल्ह्याच्या पूर्वेकडे आला नाही.

मूल्यमापन : मुख्य संघाची गरज बदलली की करार संपतो, हे अमेरिकेतील व पुण्यातील दोन्ही अनुभवांवरून दिसते. करार संपल्यानंतर ज्या संलग्न संघाजवळ स्वतःचे मैदान, प्रेक्षक, नोंदलेले खेळाडू व नियमित स्थानिक साखळी असते तो टिकून राहतो. इतरांच्या बाबतीत खेळाडूही जातात आणि संघही मोडतो. म्हणून संलग्नतेने पाया घातला जात नाही. असलेल्या पायावर ती मजला चढविते, असे म्हणता येईल. शिरूर-दौंडसारख्या गावांच्या बाबतीत क्रम असा ठरतो : प्रथम तालुक्यातील शाळा व तरुण मंडळांची वर्षभर चालणारी साखळी, नंतर जिल्हा संघटनेकडे संघांची व मुलांची वयवार नोंदणी, आणि त्यानंतर मोठ्या संघाशी भागीदारी. पहिल्या दोन गोष्टी झाल्या असतील, तर गावातून गेलेल्या खेळाडूबरोबर त्या गावाच्या संघाचे नाव व त्याचा हक्काचा वाटाही नोंदपुस्तकात कायम राहतो.