करडाची लस, करडाच्या तारखेला

संध्याकाळी रानातून उड्या मारत आलेले करडू सकाळी गोठ्यात ताठ होऊन पडलेले सापडते. ते किरकिरे, मागे पडलेले करडू नसते. बहुतेक वेळा ते दावणीतले सर्वांत गुबगुबीत आणि खादाड असते. घरात मग 'पान लागलं' किंवा 'नजर लागली' असे निदान होते. नजर चांगल्यालाच लागते या समजुतीमुळे ते पटतेही. या मरणाचे खरे नाव अनेकदा आंत्रविषार असते. या रोगाचे जिवाणू धडधाकट शेळीच्या आतड्यातही थोडेफार नांदत असतात. पहिल्या पावसानंतरचे कोवळे गवत किंवा बाजरीच्या काढणीनंतर शिवारात सांडलेले दाणे करडाने अधाशासारखे खाल्ले, की न पचलेले पिष्ट आतड्यात उतरते, जिवाणू झपाट्याने वाढतात आणि त्यांचे विष रक्तात भिनते. जो जास्त खातो तोच आधी जातो, तो यामुळे. उपचाराला बहुधा वेळच मिळत नाही, म्हणून आधी दिलेली लस हाच भरवशाचा उपाय. मात्र ती किती उपयोगी पडेल हे ती कधी टोचली यावर ठरते, आणि छोट्या शेळीपालनात घोडे अडते ते नेमके इथे. लसीकरणाचा दिवस मोहिमेच्या तारखेवर ठरतो. तो करडाच्या जन्मतारखेवर ठरायला हवा.

तारखेला एवढे महत्त्व का, हे समजायला करडाच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते. शेळीच्या पोटात वाढणाऱ्या पिलाला आईकडून प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारे रक्तातले घटक, जवळजवळ मिळत नाहीत. ते जन्मते तेव्हा त्याचे हात रिकामे असतात. ही शिदोरी त्याला मिळते ती चिकातून, आणि करडाच्या आतड्याचे दार ती आत घ्यायला साधारण पहिले चोवीस तासच उघडे असते. त्यातही सुरुवातीचे काही तास मोलाचे. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवसात पोटात जावा असा हिशेब आहे. दोन किलोच्या करडाला सुमारे 200 मिलिलिटर, तोही तीन-चार वेळा विभागून. वार पडेपर्यंत पाजायचे नाही, ही अनेक घरांतली रीत म्हणूनच घातक ठरते. आता चिकातून जे मिळायचे ते आधी आईच्या अंगात तर हवे. म्हणून शेळी व्यायच्या महिना-दीड महिना आधी तिला आंत्रविषाराची लस देतात. करडाच्या संरक्षणाची पहिली सुई अशी करडाला टोचायचीच नसते; ती गाभण आईला टोचायची असते.

चिकातून आलेली ही ताकद मात्र उसनी असते, आणि उसनवारीची मुदत संपतेच. तीन-चार महिन्यांत ती ओसरते. तोवर एक अडचणही ती उभी करते. पीपीआर या शेळ्यांच्या विषाणूजन्य रोगाची लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. आईची प्रतिपिंडे करडाच्या रक्तात भरपूर असताना ती टोचली, तर ती प्रतिपिंडे लशीचा विषाणूच निकामी करतात आणि करडाचे शरीर काहीच शिकत नाही. फार लवकर दिली तर मात्रा वाया, फार उशीर झाला तर करडू उघड्यावर. म्हणून तिसरा-चौथा महिना. आंत्रविषाराची लस निर्जीव असते. तिचा पहिला डोस शरीराला फक्त ओळख करून देतो. दोन ते चार आठवड्यांनी दुसरा मिळाला, तरच ती ओळख पक्की होते आणि पुढे दरवर्षी एकदा उजळणी पुरते. लस घेतलेल्या आईच्या करडाला हे दोन डोस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बसतात. आईला लस नसेल, तर सुरुवात बरीच आधी करावी लागते, ती पशुवैद्यकाला विचारून.

पीपीआर ही बुळकांडीची धाकटी बहीण. ताप, डोळ्या-नाकातून चिकट स्राव, तोंडात फोड, हगवण आणि शेवटी धाप. हा रोग 1942 मध्ये पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्टला प्रथम नोंदला गेला आणि 1987 मध्ये तमिळनाडूत आढळला. गुरांची बुळकांडी लशीच्या बळावर 2011 मध्ये जगातून संपल्याचे जाहीर झाले, आणि पीपीआरही 2030 पर्यंत संपवण्याचे उद्दिष्ट जगाने ठेवले आहे. आपल्याकडे त्याची लसही देशी आहे: हिमाचलातल्या सुंगरी गावच्या शेळ्यांतून मिळालेल्या विषाणूवर भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने ती घडवली. एक मात्रा निदान तीन वर्षे पुरते. पुण्यात औंधला तर राज्याची स्वतःची पशुलसनिर्मिती संस्था आहे. लस आहे, तिचे शास्त्रही आहे. कमी पडते ते वेळापत्रक.

समजा, मेमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, गावात मोहीम आली. फेब्रुवारीत जन्मलेले करडू तेव्हा तीन महिन्यांचे असते. त्याला लस नेमकी वेळेवर मिळते. एप्रिलमध्ये जन्मलेले त्या दिवशी लहान म्हणून वगळले जाते. जूनमध्ये जन्मलेले तर यादीतच नसते. सप्टेंबरात, उसनी ताकद ओसरत असताना, ते काढणी झालेल्या रानात शिरते. पुढची मोहीम आठ महिने दूर. शेळ्या वर्षभर वितात, बोकड बकरी ईदला विकले जातात, त्यांच्या जागी नवी करडे येतात. कळपाची प्रतिकारशक्ती अशी तळातून गळत राहते. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या मोजल्या गेल्या, आणि त्या बहुतांशी चार-सहा शेळ्यांच्या घरांत विखुरल्या आहेत. त्यामुळे ही गळती दिसत नाही.

लस करडाच्या जन्मतारखेवर द्यावी, यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो खरा आहे. प्रत्येक करडाच्या तारखेला डॉक्टर कसा येणार? पीपीआरच्या एका बाटलीत अनेक मात्रा असतात, आणि त्या कोरड्या लशीत द्रावण मिसळले की ती बर्फावर ठेवून तास-दोन तासांत संपवावी लागते. दोन करडांसाठी बाटली फोडणे परवडत नाही. म्हणून हिशेब घराचा नव्हे, वस्तीचा करावा. पंधरा घरांची करडे एका वहीत, जन्मतारखेसह. दर तीन महिन्यांनी वयात आलेल्यांची मोजणी, आणि ती यादी पशुवैद्यकीय दवाखान्यात. वीस-पंचवीस करडे एका सकाळी एका झाडाखाली आली, की तीच बाटली परवडते. बचत गटाच्या वहीत हे एक पान वाढवणे अवघड नाही.

दुसरा आक्षेप: बोकड विकायचाच, मग लस कशाला? पण विक्री होते आठ-दहा महिन्यांनंतर, आणि मरणाचा धोका सर्वांत जास्त असतो तो त्याआधीच. तिसरा: लस देऊनही करडू मेले. असे होते, पण कारणे शोधता येतात. दुसरा डोस राहिला, लस उन्हात तापली, आंत्रविषाराची लस गोठली, किंवा रोग आधीच अंगात शिरलेला होता. आजारी किंवा जंतांनी पोखरलेल्या करडाचे शरीर लशीला नीट प्रतिसादही देत नाही. म्हणून आठ-पंधरा दिवस आधी जंतनाशक. चौथा आक्षेप गाभ पडण्याचा. त्याला बहुधा सुई नव्हे, शेवटच्या दिवसांतली धरपकड कारण असते; शेळी शांतपणे धरली तर ही भीती कमी होते. टोचल्या जागी गाठ आणि दिवसभर मंदपणा येतो, तो मात्र अपेक्षितच आहे.

शेळी व्याली की त्या दिवशी गोठ्याच्या दारावर खडूने तारीख लिहा. त्याखाली तीन महिन्यांनंतरची तारीख लिहा, आणि ती दवाखान्यात सांगून ठेवा. कारण मोहिमेची तारीख कुणीतरी कळवेल, पण करडाची जन्मतारीख फक्त तुम्हालाच माहीत आहे.