प्रबोधनयुग आणि माणसाचे हक्क

राजाला सत्ता देवाने दिली, असं युरोपात एकेकाळी मानलं जाई. सतराव्या शतकात इंग्लंडचा जॉन लॉक म्हणाला, जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे हक्क जन्मतःच मिळतात. ते राखणं हे सरकारचं काम. सरकार ते राखत नसेल, तर लोकांनी ते बदलावं.

१७४८ मध्ये फ्रान्सच्या माँटेस्क्यूने सांगितलं, कायदे करणं, राबवणं आणि न्याय देणं ही तिन्ही कामं एकाच हाती नकोत.

१७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्यात हेच विचार दिसतात. पण त्यातल्या 'माणसात' स्त्रिया होत्या का? नाही! म्हणून १७९१ मध्ये ऑलिंप द गूजने स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. पुढे १७९३ मध्ये राजकीय लिखाणापायी तिचा शिरच्छेद झाला.

तेव्हा हक्कांची यादी पाठ करताना एवढं जरूर विचारा: यातून कोण वगळलं गेलं?