जेमी लॅनिस्टर आणि औंढ्याचा दरोडेखोर

'गेम ऑफ थ्रोन्स'चा पहिलाच एपिसोड आठवतोय? जेमी लॅनिस्टर लहानग्या ब्रॅनला खिडकीतून ढकलून देतो. २०११ साली आपण त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. पुढे त्याचा हात तुटला, ब्रिएन भेटली, आणि लंच टाइमला आपण चक्क त्याची बाजू घ्यायला लागलो. २०१९ मध्ये तो परत सर्सीकडे गेला, तेव्हा निम्मी गँग खवळली. एवढं सुधारून शेवटी हेच?

बॉस, याहून जबरी कॅरेक्टर हिंगोली जिल्ह्यात सापडतं. नरसीचे संत नामदेव. त्यांच्या नावावरच्या एका अभंगात ते आधी वाटमारी करायचे, असं येतं. औंढा नागनाथाच्या देवळात एक बाई भुकेनं रडणाऱ्या पोरावर करवादत होती. बाप दरोडेखोरांनी मारला, आता खायला कुठून आणू? ऐकणारा तोच दरोडेखोर! त्यानं तिथंच स्वतःवर शस्त्र चालवलं. मग पंढरीची वाट.

बरेच अभ्यासक ही कथा मानत नाहीत. अभंग मागाहून कुणीतरी घुसडला म्हणतात. देवाला नैवेद्य भरवणारा छोटा नामदेवच आपल्याला शाळेपासून ठाऊक.

मला मात्र ही कथा सोडवत नाही. जेमीला चांगलं मानणारी ब्रिएन तरी होती. इथं फक्त एक उपाशी पोर, आणि मेलेला बाप काही परत येणार नाही.

विसोबा खेचरही नामदेवांना औंढ्यातच भेटले म्हणतात, पिंडीवर खुशाल पाय ठेवून झोपलेले. पण तो पुढचा सीझन!