जुना टिपमन आणि खाडीची हवा

पेंटबॉलचा जुना मार्कर, म्हणजे रंगाची गोळी झाडणारी बंदूक, हाती आला की पहिली खाज सुटते ती नळी बदलण्याची. नळी बाहेर असते, दिसते, फोटोत उठून येते. तिच्यामागोमाग इलेक्ट्रॉनिक ट्रिगर, खांद्याला टेकवायचा दस्ता, वर दुर्बीण. महिनाभरात मूळ यंत्राच्या दुप्पट पैसे त्याच्या अंगावर चढलेले असतात आणि गोळी पूर्वीसारखीच वाट्टेल तिकडे जात असते.

हा हिशेब अमेरिकेत बसून केला तर एक उत्तर येतं, भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकमध्ये बसून केला तर दुसरं. इथे एका बाजूला वसईची खाडी आणि आसपास मिठागरं. चार महिने पाऊस, उरलेल्यातले बरेच दिवस घाम. असा मार्कर इथल्या घरात आलाच तर न्यू जर्सीतल्या चुलतभावाने ‘मला आता नको’ म्हणून दिलेला असतो, नाहीतर कुठल्या तरी बंद पडलेल्या मैदानाच्या सामानातून उचललेला. खेळायची नावाजलेली ठिकाणं लोणावळ्याच्या बाजूला, कुणेगावच्या डेला अ‍ॅडव्हेंचरसारखी, आणि तिथे गेलं की यंत्र त्यांचंच हातात देतात. म्हणजे स्वतःचा मार्कर बाळगणं हा मुळातच हौसेचा मामला. हौसेला मोल नसतं हे खरं, पण ते कुठे लावायचं याला अक्कल लागते. माझं मत आधीच सांगून टाकतो: इथे पैसे सील, गॅस आणि गोळी यांच्यावर घालावेत. नळी त्यांच्यानंतर. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवर तर एक रुपयाही नको.

मार्करचा जन्म खेळासाठी झालेलाच नाही. अमेरिकेतली नेल्सन पेंट कंपनी जंगलखात्याच्या लोकांना तोडायच्या झाडांवर खुणा करायला रंग पुरवत असे. ओढा ओलांडून, काट्यांतून वाट काढून प्रत्येक झाडापाशी जाण्यापेक्षा लांबूनच रंगाची गोळी मारता आली तर बरं, या गरजेतून पिस्तूल आलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एअरगन बनवणाऱ्या डेझी कंपनीने नेल्सनसाठी ‘नेलस्पॉट ००७’ तयार केलं. पशुपालकांनी ते कळपातली जनावरं ओळखायला वापरलं. गोळ्यांत तेलाचा रंग असे, तो अंगावर पडला तर टर्पेंटाइननेच निघायचा.

मग २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात बारा जण हीच पिस्तुलं घेऊन शिरले. हेज नोएल, चार्ल्स गेन्स आणि बॉब गर्न्सी या तिघांनी हा डाव मांडला होता. वाद असा, की रानात टिकून राहण्याची अक्कल शहरातल्या माणसाकडे जास्त की रानातल्या माणसाकडे? चारही झेंडे गोळा करून जिंकला तो रिची व्हाइट नावाचा जंगलात काम करणारा माणूस. त्याने अख्ख्या खेळात एकही गोळी झाडली नाही आणि कुणाला तो दिसलाही नाही. महागड्या नळ्या विकणारे हा किस्सा सहसा सांगत नाहीत.

आपल्या हाती येणारा जुना मार्कर पुष्कळदा टिपमन कंपनीचा असतो. डेनिस टिपमन हे इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनचे. आधी ते ब्राउनिंग मशीनगनच्या निम्म्या आकाराच्या, खरोखर चालणाऱ्या प्रतिकृती बनवायचे. १९८६ साली अमेरिकेत मशीनगनवरचा कायदा कडक झाला आणि तो धंदा बसला. तेव्हा हे घराणं पेंटबॉलकडे वळलं. १९९८च्या सुमाराचं त्यांचं ‘मॉडेल ९८’ आणि पुढचं ‘९८ कस्टम’ भाड्याने देणाऱ्या मैदानांवर वर्षानुवर्षं राबलं, आपटलं, चिखलात पडलं, आणि तरी चाललं. दिसायला ओबडधोबड, वजनाला दणकट. ॲल्युमिनियमचे दोन अर्धे ओतीव भाग समोरासमोर ठेवून बोल्टने आवळलेले. ॲलन कीचा एक संच असला की सगळं टेबलावर मोकळं करता येतं. पहिल्यांदा उघडताना एखादी स्प्रिंग कपाटाखाली उडून जाते, म्हणून खाली जुनी चादर पसरलेली बरी.

आत काय होतं ते कळलं की कुठे खर्च करायचा तेही उमगतं. ट्रिगर दाबला की सिअर, म्हणजे बोल्टला अडवून धरणारी कळ, खाली होतो आणि मागचा जड बोल्ट सुटतो. स्प्रिंग त्याला पुढे ढकलते. एका दांडीने जोडलेला पुढचा बोल्ट गोळी नळीत सारतो, आणि मागचा बोल्ट व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, गॅस दोन्हीकडे धावतो. पुढे गेलेला गॅस गोळी फेकतो, मागे आलेला गॅस बोल्टला पुन्हा सिअरवर नेऊन अडकवतो. एवढंच. बॅटरी नाही, सर्किट नाही. या सगळ्या साखळीत घासणाऱ्या जागा आहेत, आदळणाऱ्या जागा आहेत आणि गॅस अडवून धरणाऱ्या रबराच्या चकत्या आहेत. यंत्र म्हातारं होतं ते याच ठिकाणी.

म्हणून पहिला खर्च ओ-रिंगांचा. वर्ष-दोन वर्षं डब्यात पडून राहिलेल्या मार्करचं रबर कडक होतं, गॅसची बाटली लावली की फुस्स आवाज येतो आणि मालकाला वाटतं व्हॉल्व्ह गेला. बहुतेक वेळा व्हॉल्व्ह शाबूत असतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर रबर आणि हायड्रॉलिकच्या मालाची दुकानं आहेत. तिथे जुनी रिंग नमुना म्हणून दाखवली की मापाची नवी मिळते. बाटलीच्या तोंडाची रिंग मात्र पॉलियुरेथेनची मागावी, दुकानदार तिला ‘पीयू’ म्हणतो. साधं नायट्राइल रबर दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड पिऊन फुगतं आणि बाटली काढताच फाटतं. दोन्ही रिंगांच्या किमतीत फरक चहाच्या पैशांचा, टिकण्यात फरक कितीतरी मोठा.

दुसरं काम इंद्रलोकच्या माणसाला जगात कुणापेक्षाही स्वस्त पडावं. भाईंदर स्टीलच्या भांड्यांच्या धंद्याचं गाव, आणि बफिंग करणारे हात इथल्या गाळ्यांत आहेत. मागच्या बोल्टचा पृष्ठभाग घासून आरशासारखा केला की घर्षण कमी होतं, यंत्र कमी गॅसवर सहज परततं. फक्त कारागिराला बजावून सांगायचं, की ओ-रिंगची खाच आणि सिअर अडकतो ती कड यांना हात लावायचा नाही. ती कड गोल झाली तर एका दाबात तीन गोळ्या सुटू लागतील. खाऱ्या हवेत लोखंडी भागांना गंज लवकर धरतो, तेव्हा काम झाल्यावर तेलाचा हलका हात हवाच.

आता गॅस. खरी गोम इथे आहे आणि परदेशी सल्ल्यात ती येत नाही. कार्बन डायऑक्साइड बाटलीत द्रवरूपात भरलेला असतो. वर त्याची वाफ, आणि त्या वाफेचा दाब ठरतो तापमानावर. २० अंशांना तो सुमारे ५७ बार, ३० अंशांना ७२ बारच्या आसपास. आणि ३१.१ अंश सेल्सिअसला या वायूची क्रांतिक मर्यादा येते. त्याच्या वर बाटलीत द्रव आणि वाफ असा भेदच उरत नाही. पुढे दाब किती चढेल ते बाटली किती भरली आहे त्यावर, आणि भरलेल्या बाटलीत तो झपाट्याने चढतो. मिशिगनमध्ये ही मर्यादा वर्षातले थोडे दिवस ओलांडली जात असेल. आपल्याकडे मार्चपासून ती दुपारची नेहमीची गोष्ट. सकाळी यंत्राने मोजून सेकंदाला २८० फुटांवर लावलेला वेग दुपारी ३०० च्या पुढे सरकतो, आणि ३०० फूट ही जगभरच्या मैदानांनी मानलेली कमाल मर्यादा आहे. सुमारे तीन ग्रॅमची गोळी त्या वेगाला साडेबारा ज्यूलच्या आसपास ऊर्जा घेऊन येते. मांडीवर निळा डाग पडतो. डोळ्यावर बसली तर डोळा जातो. म्हणून अपग्रेडच्या यादीत सगळ्यांत वर, ओ-रिंगांच्याही आधी, जुना, ओरखडे पडलेला मुखवटा बदलणं यायला हवं. काचेला बारीकशी चीर असली तरी तो मुखवटा बाद.

याउलट भराभर गोळ्या झाडल्या की बाटली गार पडते, दाब उतरतो, कधी द्रवच व्हॉल्व्हमध्ये शिरतो आणि नळीतून पांढरा धूर येतो. म्हणजे एकाच दुपारी वेग वरही जाणार आणि खालीही. या बेभरवशाच्या गॅसवर कितीही महाग नळी लावली तरी नेम कसा बसणार? उत्तर आहे दाबलेली हवा: उच्चदाबाची बाटली आणि तिच्यावरचा रेग्युलेटर. तापमान बदललं तरी मार्करला मिळणारा दाब जवळपास तोच राहतो. जुन्या ९८ वर मोठा खर्च करायचाच असेल तर तो एवढाच पटतो, कारण ही बाटली उद्या दुसऱ्या मार्करलाही लागेल.

पण बाटली म्हणजे खेळणं नव्हे. ३००० किंवा ४५०० पीएसआय दाबाची वस्तू आहे ती. भारतात गॅस सिलिंडरची मान्यता ‘पेसो’कडे, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेकडे असते. तिचं मुख्यालय आपल्याच नागपुरात. गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली मान्यता नसलेली किंवा हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेल्या तपासणीची, तारीख उलटलेली बाटली भरून द्यायला शहाणा भरणारा नकार देतो. त्याच्याशी हुज्जत घालू नये. अग्निशामकाच्या बाटलीवरून जोडणी करण्यासाठी गाळ्यात लेथवर पितळी अडॅप्टर काढून घ्यायची कल्पना आपल्याकडे कुणालाही सुचेल, इतके कुशल हात इथे आहेत. ती सुचली की तिथेच सोडून द्यावी. अमेरिकेत पेंटबॉलमधले जे मृत्यू चर्चेत आले ते मार्करच्या गोळीपेक्षा बाटलीवरून व्हॉल्व्हच सुटून आल्यामुळे. मार्करमधून बाटली फिरवून काढताना बाटली फिरते आणि व्हॉल्व्ह मार्करलाच चिकटून राहतो, मग उरलेला दाब बाटलीला रॉकेट करतो. यावर जुना उपाय स्वस्त आहे. व्हॉल्व्ह आणि बाटली यांच्या सांध्यावर नेलपॉलिशची एक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की बाटलीला हात लावायचा नाही. आणि मे महिन्यात ती गाडीच्या डिकीत ठेवायची नाही, गाडी सावलीत असली तरी.

गोळीकडे आलं की पाऊस मध्ये येतो. पेंटबॉलची गोळी म्हणजे जिलेटिनचं कवच आणि आत पॉलिएथिलीन ग्लायकॉलमध्ये कालवलेला रंग. कॉड लिव्हर ऑइलची कॅप्सूल ज्या तऱ्हेच्या यंत्रावर बनते, त्याच तऱ्हेच्या यंत्रावर ही बनते. सुरुवातीच्या गोळ्या आर. पी. शेरर या कॅप्सूलवाल्या कंपनीनेच बनवून दिल्या. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं, तेव्हा मीरा-भाईंदरच्या जैन बिल्डिंगीत वाढदिवसाला पेंटबॉलचा बेत करणाऱ्याने हे आधीच सांगितलेलं बरं, नंतर कुणाला कळलं तर आइस्क्रीमची चवही जाते.

तर हे जिलेटिन हवेतली ओल शोषतं. गोळीचं माप कागदावर ०.६८ इंच, म्हणजे साधारण १७.३ मिलिमीटर. जुलैत उघड्या पिशवीत आठवडा काढलेली गोळी फुगते, मऊ होते, एका बाजूने चपटते आणि शेजारणीला चिकटते. अशी गोळी नळीत अडकते, बोल्टखाली फुटते, आत रंगाची खीर होते. मालक म्हणतो मार्कर जुना झाला. नवा मार्करही त्याच गोळ्यांनी तसाच भरला असता. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, गोळ्या दर थोड्या दिवसांनी उलथ्यापालथ्या करणं आणि एका हंगामाच्या पलीकडे साठा न करणं, यातून जो फरक पडतो तो कुठल्याही नळीने पडत नाही. कोरड्या हिवाळ्यात उलटं, कवच ठिसूळ होतं. पण ती चिंता नाशिककरांनी करावी.

नळीबद्दल थोडक्यात. वेग मिळायला आठ ते बारा इंच पुरतात, त्यापुढची लांबी आवाज कमी करते आणि गॅस जास्त खाते. गोळीत द्रव असल्यामुळे बंदुकीसारखी आतून पीळ दिलेली नळी तिला नीट गिरकी देऊ शकत नाही. नळी घ्यायचीच तर आतला व्यास बदलता येईल अशी, म्हणजे फुगलेल्या आणि सुकलेल्या गोळीला वेगवेगळं माप लावता येतं. फुंकर मारून पाहायची: गोळी आपोआप घरंगळत बाहेर पडू नये आणि फुंकली की जावी, ते माप बरोबर.

इलेक्ट्रॉनिक ग्रिप ९८ साठी निघाली होती. तिची किंमत जवळपास मूळ मार्करइतकी. ती लावली की वरच्या डब्यातून नुसत्या वजनाने पडणाऱ्या गोळ्या तिला पुरत नाहीत, म्हणून बॅटरीवर चालणारा हॉपर घ्यायचा. हॉपर आला की गोळ्या दुप्पट उडतात. आणि आपल्याकडे मैदानांवर पैसे गोळ्यांच्या संख्येवर मोजतात. तेवढ्या पैशांत हलका, कमी दाबावर चालणारा नवा यांत्रिक मार्कर येतो आणि तो विकताना काहीतरी परत मिळतं. जुन्या यंत्रावर चढवलेल्या भागांचे पैसे विकणाऱ्याला कुणी देत नाही.

कायद्याची बाब फोनवर उरकू नये. साडेचार मिलिमीटरच्या एअरगनला २० ज्यूलपर्यंत परवान्यातून जी सूट आहे, तीत सतरा मिलिमीटरची नळी आपोआप बसते असं एखाद्या विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं तरी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलिस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत स्वतः जाऊन विचारावं. बाहेरून पार्सल मागवणार असाल तर आधी कस्टम्सलाही.

आणि सांगाड्यालाच, बाटली जिथे जोडतात त्या भागाजवळ चीर गेली असेल, तर ओ-रिंग, बफिंग, रेग्युलेटर यांपैकी काहीच करू नये. गॅस पूर्ण सोडून यंत्र उघडावं. सिअर, जोडदांडी, व्हॉल्व्ह, स्प्रिंगा पुसून, तेल लावून, नावं लिहिलेल्या पुड्यांत ठेवाव्यात. दुसऱ्या कुणाच्या ९८ ला त्या लागतील. सांगाडा मोडीच्या दुकानात, ॲल्युमिनियमच्या भावाने.