सकाळी न्याय, दुपारी कायदा : एका सभागृहाची दोन कामे

मागच्या व्याख्यानात आपण सत्ताविभाजनाची कल्पना पाहिली. कायदा करणारे वेगळे, तो राबवणारे वेगळे आणि न्याय देणारे वेगळे असावेत, ही ती कल्पना. माँतेस्क्यूने ती 1748 साली मांडली आणि नमुना म्हणून इंग्लंडकडे बोट दाखवलं. गंमत अशी की, त्याच इंग्लंडचं सर्वोच्च न्यायालय त्यानंतरही अडीचशेहून अधिक वर्षं संसदेच्या वरिष्ठ सभागृहातच भरत होतं. 2009 च्या जुलैपर्यंत हाउस ऑफ लॉर्ड्स हे कायदेमंडळही होतं आणि शेवटचं अपील ऐकणारं न्यायालयही.

आज आपण या सभागृहाचं दिवसभराचं कामकाज कसं चाले ते पाहू. पण आपला खरा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. न्याय देणं आणि कायदा करणं यांत नेमका फरक कोणता? माणसं वेगळी, इमारत वेगळी, एवढाच का?

सकाळपासून सुरुवात करू. निकालाचा दिवस असेल तर लॉर्ड्सचं सभागृह सकाळीच भरे. बिशप प्रार्थना म्हणत, राजदंड जागेवर ठेवला जाई. म्हणजे ही बैठक कोर्टाची नव्हे, सभागृहाचीच. निकाल देणारे पाच ज्येष्ठ न्यायाधीश, ज्यांना लॉ लॉर्ड्स म्हणत, साध्या सुटाबुटात लाल बाकांवर बसलेले असत. वकील मात्र विग घालून सभागृहाच्या कठड्याशी उभे. मग एकेक न्यायाधीश उठून थोडक्यात सांगे की, आपल्या सहकाऱ्याचं लेखी मत आपण वाचलं आहे आणि त्यातल्या कारणांसाठी हे अपील मान्य करावं किंवा फेटाळावं, असं आपलंही मत आहे. पूर्वी ही मतं संपूर्ण वाचून दाखवत. 1963 पासून ती प्रथा बंद झाली.

यानंतरचा भाग आपल्याला फार विचित्र वाटेल. प्रश्न मताला टाकला जाई! 'अपील मान्य करावे', असा ठराव. बाजूचे लोक म्हणत 'कंटेंट', विरोधातले 'नॉट कंटेंट'. दुपारी विधेयकावर जसं मतदान होई, तसंच सकाळी निकालावर. तांत्रिकदृष्ट्या निकाल न्यायाधीशांचा नव्हता, सभागृहाचा होता. न्यायाधीश ही फक्त एक समिती, आणि तिचा अहवाल सभागृहाने स्वीकारायचा.

प्रत्यक्ष सुनावणी सभागृहात होत नसे, ती वरच्या समितीकक्षात होई. दुसऱ्या महायुद्धात पडझड झालेल्या इमारतीची दुरुस्ती चालली होती. त्या ठोकाठोकीमुळे 1948 मध्ये तात्पुरती सोय म्हणून सुनावणी समितीकडे गेली. तात्पुरत्या सोयीचं पुढे काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. ती साठ वर्षं टिकली.

दुपारी त्याच बाकांवर दुसरं काम. मंत्र्यांना प्रश्न, मग विधेयकं. पहिलं वाचन नावापुरतं, दुसऱ्या वाचनात तत्त्वावर चर्चा, मग कलमागून कलम आणि दुरुस्त्यांचा कीस. या सभागृहाचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा. इथे कोणाही सदस्याने मांडलेली दुरुस्ती चर्चेला येऊ शकते, आणि कोणी कधी बोलायचं हे सभापती ठरवत नाही, सभागृहच आपसांत ठरवतं. सदस्य मात्र लोकांनी निवडून दिलेले नसतात. म्हणूनच 1911 आणि 1949 च्या संसद कायद्यांनी त्यांचे हात बांधले. साधारणपणे विधेयक ते वर्षभर लांबवू शकतात, कायमचं अडवू शकत नाहीत.

आता कुणी विचारेल, मग सकाळच्या मतदानात एखादा जमीनदार सरदारही 'कंटेंट' म्हणत असे का? एके काळी तशी मुभा होती. 1844 मध्ये आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांचं अपील आलं, तेव्हा कायद्याचं शिक्षण नसलेल्या सदस्यांनी मतदानातून माघार घेतली आणि तोच संकेत पडला. 1876 च्या कायद्याने पगारी, व्यावसायिक न्यायाधीशांना लॉर्ड करून तिथे बसवलं. तेव्हापासून न्यायाचं काम खऱ्या अर्थाने न्यायाधीशांच्याच हाती आलं. पण ते न्यायाधीश सभागृहाचे सदस्यही होते. दुपारच्या चर्चेत बोलायचा, मत द्यायचा हक्क त्यांनाही होता. अखेर 2000 साली लॉर्ड बिंगहॅम यांनी सगळ्यांच्या वतीने जाहीर केलं की, तीव्र पक्षीय वादाच्या विषयांत लॉ लॉर्ड्स पडणार नाहीत, आणि उद्या ज्या विषयाचं अपील समोर येऊ शकेल त्यावर आज बोललं तर त्या खटल्यात बसता येणार नाही, याचं भान ते ठेवतील.

म्हणजे भिंत होती, पण ती माणसांच्या मनात होती. विटांची नव्हती.

ती भिंत कशासाठी, हे 2009 च्या जुलै महिन्यात फार स्पष्ट दिसलं. त्या एका महिन्यात एकच विषय या सभागृहापुढे दोनदा आला. एकदा कायदा म्हणून, एकदा खटला म्हणून.

विषय असा. इंग्लंडमध्ये 1961 च्या कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा राहिला नाही. पण दुसऱ्याला आत्महत्येत मदत करणं हा गुन्हा राहिला, शिक्षा चौदा वर्षांपर्यंत. त्याच कायद्यात एक अटही होती: मुख्य सरकारी अभियोक्त्याच्या संमतीशिवाय असा खटला भरता येत नाही. पुढे दुर्धर आजाराने ग्रासलेले काही ब्रिटिश लोक स्वित्झर्लंडला जाऊन जीवन संपवू लागले. सोबत जाणाऱ्या नवऱ्याचं, बायकोचं, मुलांचं काय? ते गुन्हेगार ठरतात का?

7 जुलैला हा प्रश्न कायद्याच्या रूपात आला. लॉर्ड फाल्कनर यांनी एका विधेयकाला दुरुस्ती सुचवली: असाध्य आजाराच्या रुग्णाला विशिष्ट अटींवर परदेशी सोबत करणाऱ्यावर खटला होऊ नये. चर्चेत विरोधही जोरदार झाला. स्वतः गंभीर अपंगत्वासह जगणाऱ्या जेन कॅम्पबेल विरोधात होत्या. कायद्यानेच असं दार किलकिलं केलं की आमच्यासारख्यांचं जगणं कमी मोलाचं ठरतं, अशी ही भीती. 141 विरुद्ध 194 मतांनी दुरुस्ती पडली.

30 जुलैला तोच विषय डेबी पर्डी यांच्या खटल्याच्या रूपात आला. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस होता, शरीर हळूहळू निकामी होत होतं. पुढेमागे परदेशी जायची वेळ आली तर नवरा सोबत असावा, अशी त्यांची इच्छा. पण त्याच्यावर खटला होईल का, हे कोणी सांगेना. आता त्यांची कोंडी बघा. खटल्याची भीती असेल तर त्यांना एकटीने प्रवास करता येतोय तोवरच, म्हणजे लवकर, जावं लागेल. नवऱ्याला धोका नाही असं कळलं तर थांबता येईल, आणखी जगता येईल. कायद्यातल्या संदिग्धतेची किंमत त्यांना आयुष्याच्या दिवसांत मोजावी लागणार होती.

खालच्या दोन्ही न्यायालयांत त्या हरल्या. लॉर्ड्समध्ये पाचही न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. कायदा बदलला नाही. मदत करणं गुन्हाच राहिलं. त्यांनी एवढंच म्हटलं की, खटला भरायचा की नाही हे अभियोक्ता कोणत्या गोष्टी पाहून ठरवतो, ते त्याने जाहीर करावं. ज्या कायद्यानुसार वागायचं, तो आपल्याला कसा लागू होईल याचा अंदाज माणसाला यायला हवा. हा या सभागृहाच्या निकालांचा अखेरचा दिवस. त्याच सकाळी एका जुन्या पॉप गाण्याच्या मानधनातला ऑर्गनवादकाचा वाटाही त्यांनी मान्य केला. न्यायालयापुढे काय काय येतं बघा!

मग सभागृहाने तीन आठवड्यांत स्वतःलाच खोडून काढलं का? आम्हाला तसं वाटत नाही. दोन दिवशी दोन वेगळे प्रश्न होते. 7 जुलैचा प्रश्न होता: यापुढे सगळ्यांसाठी नियम कोणता असावा? 30 जुलैचा प्रश्न होता: आज असलेल्या नियमानुसार या बाईंचं काय देणं लागतं? ॲरिस्टॉटलने 'ऱ्हेटरिक'मध्ये हाच भेद केलाय. कायदा करणाऱ्याचा निर्णय सर्वसाधारण आणि पुढच्या काळाचा असतो; न्याय देणाऱ्याचा निर्णय समोर उभ्या माणसाबद्दल असतो. म्हणून पहिल्या कामात जेन कॅम्पबेल यांची भीती ऐकली जायलाच हवी, कारण नियम त्यांनाही लागू होणार. दुसऱ्या कामात बहुमत कोणाचं, हा प्रश्नच गैरलागू. पर्डी यांच्या बाजूने एकही मत नसतं तरी त्यांचं देणं तेवढंच राहिलं असतं.

आणखी एक फरक आहे, आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कायदेमंडळ गप्प बसू शकतं. विषय अवघड आहे, पुढच्या अधिवेशनात पाहू, असं म्हणू शकतं. कारण न देताही मत देऊ शकतं. न्यायालयाला ही सवलत नाही. दारात आलेल्या माणसाला उत्तर द्यावंच लागतं, आणि कारणांसह द्यावं लागतं.

यावर आक्षेप आहे, आणि तो दमदार आहे. अभियोक्त्याने यादी जाहीर केली, म्हणजे गुन्हा कधी माफ, हे मागच्या दाराने ठरलंच की! 2010 च्या फेब्रुवारीत अभियोक्ता किअर स्टार्मर यांनी अंतिम धोरण जाहीर केलं. निव्वळ करुणेपोटी मदत केली असेल आणि मरणाऱ्याचा निर्णय स्वतःचा, ठाम असेल, तर ते खटल्याच्या विरोधात धरायचं. दबाव किंवा लाभाचा हेतू असेल तर खटल्याच्या बाजूने. हा आक्षेप अर्धा खरा आहे. पण संमतीचा अधिकार अभियोक्त्याला 1961 मध्ये संसदेनेच दिला होता. तो अंधारात न वापरता उजेडात वापर, एवढंच न्यायालयाने सांगितलं. यादीत काय असावं हे न्यायाधीशांनी स्वतः लिहून दिलं असतं, तर मात्र त्यांनी सीमा ओलांडली असती.

1 ऑक्टोबर 2009 ला ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय चौकापलीकडच्या इमारतीत सुरू झालं. ही सुधारणा पुढे नेणारे मंत्री कोण? तेच लॉर्ड फाल्कनर. इमारत बदलली हे चांगलंच झालं, कारण न्याय वेगळा आहे हे लोकांना दिसलंही पाहिजे. पण इमारत बदलल्याने प्रश्नांची सरमिसळ थांबतेच असं नाही.

आपल्याकडेच पाहू. आपलं सर्वोच्च न्यायालय संसदेपासून पहिल्यापासून वेगळं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1973 पासून अचेत अवस्थेत असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात 7 मार्च 2011 ला निकाल आला. तिथे प्रश्न मदतीने मरण्याचा नव्हता, जगवणारे उपचार थांबवण्याचा होता. न्यायालयाने मोठा आधार घेतला तो लॉर्ड्सच्याच 1993 च्या टोनी ब्लँड निकालाचा. अरुणाताईंची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या केईएमच्या लोकांना त्या जगायला हव्या होत्या, म्हणून विनंती नाकारली. पण संसद कायदा करेपर्यंत अशा प्रकरणांत उच्च न्यायालयाच्या परवानगीने काय करता येईल, याची पद्धतही न्यायालयाने आखून दिली. 2018 मध्ये आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता मिळाली, 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सोपी झाली. तीही न्यायालयाकडूनच. ब्लँड खटल्यात खुद्द लॉर्ड्समधल्या न्यायाधीशांनी बजावलं होतं की, या विषयाचा सर्वांगीण विचार संसदेने करावा. आपल्याकडे संसदेचा तो दुपारचा भाग झालाच नाही. सकाळच्या लोकांनी दोन्ही कामं उरकली.

याचा दोष न्यायाधीशांना देणं सोपं आहे. पण दारात माणूस उभा होता, आणि ज्यांना गप्प बसायची मुभा होती ते गप्प बसले. नियम सगळ्यांसाठी करायचा तर डॉक्टर, नातेवाईक, अपंग, एकाकी वृद्ध, सगळ्यांचं ऐकून घेणारी जागा लागते. ती जागा सभागृह. न्यायालयात ती गर्दी मावत नाही.

तेव्हा यापुढे एखादा मोठा निकाल वाचाल तेव्हा बरोबर की चूक हे ठरवण्याआधी एवढं पाहा: इथे विचारलेला प्रश्न सकाळचा होता की दुपारचा? पुढच्या वेळी आपण ॲरिस्टॉटलचीच दुसरी बाजू घेऊ. सर्वसाधारण नियम एखाद्या माणसावर अन्याय करतो, तेव्हा न्यायाधीशाने काय करावं? त्याला तो समदृष्टी म्हणतो, आणि ती कुठपर्यंत ताणायची, हा वाद अजून मिटलेला नाही.